कंपनीच्या कामकाजात मानवी हक्कांची जबाबदारी: कुठून सुरू करायचं आणि कोणत्या क्रमाने

मानवी हक्कांचं काम हाती घेणाऱ्या बहुतेक कंपन्या ते शेवटाकडून सुरू करतात. आधी गुळगुळीत कागदावर धोरण छापतात, मग सगळ्या पुरवठादारांना ऐंशी प्रश्नांची प्रश्नावली धाडतात, आलेली उत्तरं एक्सेलमध्ये भरतात आणि वार्षिक अहवालात दोन पानं टाकून मोकळ्या होतात. वर्ष संपतं, आणि कंत्राटदाराच्या कपाटात कुलूपबंद असलेले कामगारांचे पासपोर्ट कपाटातच राहतात. यात दरवेळी हेतूच खोटा असतो असं नाही. क्रम चुकलेला असतो, आणि क्रम चुकला की प्रामाणिक माणसाच्या हातूनही कागदच तयार होतात.

या कामाचा पाया म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये एकमताने मान्य केलेली, व्यवसाय आणि मानवी हक्क यांवरची मार्गदर्शक तत्त्वं. एकूण ३१ तत्त्वं आहेत. त्यांपैकी ११ ते २४ ही थेट कंपन्यांसाठी. तत्त्वं स्वतः कायदा नाहीत, पण फ्रान्स (२०१७), जर्मनी (२०२१) आणि नॉर्वे (कायदा २०२२ पासून लागू) यांनी त्यांवर बेतलेले कायदे केले. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये याच विषयावर निर्देश (सदस्य देशांनी ज्यानुसार आपापले कायदे करायचे असा नियम) काढला आणि २०२५ मध्ये त्याच्या तारखा पुढे ढकलल्या. 'तारखा नक्की होऊ देत, मग बघू' असं म्हणणारे अजून तिथेच बसले आहेत. तुमचा मोठा ग्राहक या कायद्यांखाली येत असेल, तर त्याचे प्रश्न तुमच्या दारात कायद्याच्या आधीच येतात.

## सुरुवातीआधीची तयारी

पहिल्या बैठकीच्या आधी चार गोष्टी मिटवून घ्या. यांतली एक जरी अर्धवट राहिली, तरी तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर गाडं हमखास अडतं.

जोखीम कोणाची मोजायची? इथे जोखीम म्हणजे माणसांना होणारी इजा. कंपनीची बदनामी, दंड किंवा शेअरचा भाव हे सगळं वेगळं खातं. जोखीम विभागाकडे आधीच एक तक्ता तयार असतो आणि त्यातच 'मानवी हक्क' नावाची एक ओळ घालण्याचा मोह होतो. तसं करू नका. त्या तक्त्यात प्रत्येक गोष्ट कंपनीच्या नुकसानीने मोजलेली असते, त्यामुळे ज्यांचा आवाज बाहेर पोचत नाही, त्यांचं दुःख आपोआप तळाला जातं.

हे सीएसआर नव्हे. शाळेला संगणक दिले म्हणून गोदामातल्या बिनपगारी ओव्हरटाइमची वजाबाकी होत नाही. मार्गदर्शक तत्त्वांच्या भाष्यात हे स्पष्ट आहे: चांगली कामं जरूर करा, पण हक्कांचा आदर न केल्याची भरपाई त्यांनी होत नाही. हे काम सीएसआर विभागाच्या गळ्यात बांधलं असेल, तर आधी तिथून सोडवा.

कोणते हक्क? निवड करायची मुभा नाही. किमान यादी म्हणजे १९४८ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा, १९६६ चे दोन आंतरराष्ट्रीय करार (एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा), आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची मूलभूत तत्त्वं: संघटना करण्याचं स्वातंत्र्य व सामूहिक वाटाघाटी, वेठबिगारीला बंदी, बालमजुरीला बंदी, भेदभावाला बंदी, आणि २०२२ मध्ये जोडलेलं पाचवं, सुरक्षित व निरोगी कामाची जागा. स्थलांतरित, आदिवासी समाज, लहान मुलं, अपंग व्यक्ती यांच्याशी संबंध येत असेल, तर त्यांच्यासाठीची आंतरराष्ट्रीय मानकंही पाहावी लागतात.

अधिकार कोणाकडे? कामाची सूत्रं विधी विभागातल्या एकट्या माणसाकडे दिली की तो पत्रं लिहीत बसतो. खरेदीप्रमुख, उत्पादनप्रमुख आणि मनुष्यबळ विभाग पहिल्या दिवसापासून बैठकीत हवेत. आणि या गटाच्या प्रमुखाला एखादी ऑर्डर थांबवण्याचा अधिकार लेखी हवा. वकील बहुधा म्हणतील, 'लिहून ठेवलं की उद्या ते आपल्यावरच उलटेल.' ही शंका आत्ताच चर्चेला घ्या, निष्कर्ष हातात आल्यावर नको. नीट केलेली पडताळणी, म्हणजे जोखीम शोधून ती थांबवण्याचं हेच सगळं काम, न्यायालयात उपयोगी पडू शकते. मात्र पडताळणी केली म्हणून जबाबदारीतून आपोआप सुटका होत नाही, हेही त्याच बैठकीत सांगून टाका.

*तपासा:* 'यात जोखीम कोणाची?' असं खरेदीप्रमुखाला विचारा. उत्तर 'ब्रँडची' असं आलं, तर तयारी झालेली नाही.

धोरणाचं काय, हा प्रश्न येतोच. सुरुवातीला एक पान पुरे: आम्ही ही मानकं मान्य करतो, ती आम्हालाही आणि पुरवठादारांनाही लागू आहेत, सर्वोच्च पातळीवर याला मंजुरी आहे. सविस्तर धोरण तिसऱ्या टप्प्यानंतर लिहा. कशाबद्दल लिहायचं ते तोवर कळलेलंच नसतं.

## टप्पा १: कोण कोण कामाला लागलंय त्याचा नकाशा

पुरवठादारांच्या यादीने सुरुवात करू नका. आधी स्वतःच्या आवारात फिरा. सफाई, सुरक्षा, कॅन्टीन, बागकाम, चढ-उतार करणारे हमाल, ड्रायव्हर: यांतले किती जण तुमच्या पगारपत्रकावर आहेत आणि किती कंत्राटदाराच्या? गेटवरचं रजिस्टर आणि मनुष्यबळ विभागाची यादी शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे ज्यांच्याबद्दल कंपनीला काहीच ठाऊक नाही अशी माणसं. कित्येकदा सगळ्यात वाईट परिस्थिती याच फरकात दडलेली असते, तुमच्याच छपराखाली.

मग थेट पुरवठादार, त्यांचे उपकंत्राटदार, आणि शक्य तिथे कच्च्या मालापर्यंत. उलट्या दिशेलाही पाहा: तुमचं उत्पादन कोण वापरतं, कशासाठी वापरतं, तुमच्याकडे लोकांची कोणती माहिती जमा होते. सॉफ्टवेअर किंवा वित्त क्षेत्रातल्या कंपनीची मोठी जोखीम बहुधा ग्राहकाच्या बाजूलाच असते आणि त्या कंपन्या मात्र कार्यालयाच्या सफाई कंत्राटावर वर्ष घालवतात.

नेहमीची चूक: पुरवठादार खर्चाच्या रकमेनुसार लावणं. ज्याला सर्वांत जास्त पैसे जातात, तो बहुतेकदा मोठा, संघटित आणि तपासून झालेला असतो. धोका खर्चाच्या यादीत तळाला सापडतो: मजूर पुरवणारा ठेकेदार, घरी बसून होणारं काम, हंगामी तोडणी, रात्रीची वाहतूक.

*सावधान:* नकाशा पूर्ण होण्याची वाट पाहू नका, तो कधीच पूर्ण होत नाही. पुरवठादार हजारोंनी असतील तर जिथे जोखीम सर्वाधिक वाटते ते भाग आधी घ्या; तत्त्वांनाही तेच अपेक्षित आहे.

## टप्पा २: माणसांशी बोलणं आणि कागदांशी ताळा

हा टप्पा सगळ्यात मोठा, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा. त्याच्या जागी ऑडिट येतं. ऑडिट निरुपयोगी नसतं, पण त्यावर भिस्त ठेवणं धोक्याचं. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला २०१२ मध्ये एसए ८००० हे सामाजिक मानकाचं प्रमाणपत्र मिळालं. त्यानंतर काही आठवड्यांतच, सप्टेंबरमध्ये, तिथे लागलेल्या आगीत २५० हून अधिक माणसं गेली. बाहेर पडायचे मार्ग बंद होते. पुढच्या वर्षी २४ एप्रिलला बांगलादेशात राणा प्लाझा कोसळला आणि १,१०० हून अधिक लोक मरण पावले. भिंतींना तडे गेल्याचं आदल्या दिवशीच दिसलं होतं. तळमजल्याजवळची बँक आणि दुकानं बंद राहिली. वरच्या मजल्यांवरच्या कपडे कामगारांना मात्र आत जायला लावलं. धोका कामगारांना ठाऊक होता. 'आम्ही आत जाणार नाही' असं म्हणण्याची ताकद त्यांच्याकडे नव्हती. कोणत्याही प्रश्नावलीत या गोष्टीसाठी रकाना नसतो.

बोलणं कसं ठरवायचं:

१. कामगार संघटना किंवा निवडून आलेले प्रतिनिधी असतील, तर आधी त्यांच्याकडे जा. नसतील तर स्थानिक पातळीवर काम करणाऱ्या, कामगारांचा विश्वास असलेल्या संस्थेकडे.

२. मुलाखती आवाराबाहेर, कामाच्या वेळेव्यतिरिक्त ठेवायच्या असतील तर त्या वेळेचा मोबदला द्या. पर्यवेक्षकाने निवडून दिलेली यादी घेऊ नका.

३. कामगाराच्या स्वतःच्या भाषेत बोला. दुभाषा कंपनीचा किंवा ठेकेदाराचा नको. स्त्रियांशी स्त्रीनेच बोलावं.

४. नाव, फोटो, यंत्राचा क्रमांक असं काहीही टिपू नका. 'शिवण विभागातली एकमेव गरोदर कामगार' असं लिहिलं, तर नाव लिहिण्याची गरजच उरत नाही.

प्रश्नही नीट ठरवा. 'तुमच्यावर जबरदस्ती होते का?' याला कोणीही 'नाही' म्हणेल. त्याऐवजी विचारा: पासपोर्ट आत्ता कुठे आहे? उद्या सकाळी हवा असेल तर कोणाकडे मागावा लागेल? ही नोकरी मिळवायला किती पैसे भरले, ते कोणाकडून उचलले, अजून किती फेडायचे आहेत? आज काम सोडलं तर या महिन्याचा पगार मिळेल का? पाळी संपल्यावर ओव्हरटाइमला 'नको' म्हटलं की दुसऱ्या दिवशी काय होतं? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने वेठबिगारीची ११ लक्षणं दिली आहेत. कागदपत्रं अडकवणं, पगार रोखणं, कर्जात बांधून ठेवणं, फसवणूक, हालचालींवर बंधनं ही त्यांतली. अशा साध्या प्रश्नांतून त्यांचा सुगावा लागतो.

आता कागद. हजेरीपट एकटा कधीच वाचू नका, तो तुम्हाला दाखवण्यासाठीच ठेवलेला असू शकतो. सगळी पानं एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात आणि एकाही खाडाखोडीविना असतील, तर तो बहुधा रोज भरलेला नाही, एका बैठकीत उतरवून काढलेला आहे. त्याला दुसऱ्या नोंदींशी भिडवा. कपड्यांच्या कारखान्यात तुटलेल्या सुयांचं रजिस्टर असतं. सुईचा तुकडा कपड्यात राहू नये म्हणून प्रत्येक तुटलेली सुई तारीख-वेळेसह नोंदवतात. हजेरीपट म्हणतो रविवारी कारखाना बंद होता, आणि सुयांचं रजिस्टर त्याच रविवारी दुपारी पावणेचारला सुई तुटल्याचं दाखवतं. बंद कारखान्यात सुई तुटत नाही. इतर उद्योगांत हेच काम कॅन्टीनमधल्या जेवणांची संख्या, कामगारांच्या बसच्या फेऱ्या, मालाच्या तपासणीचे शिक्के किंवा विजेच्या वापराच्या नोंदी करतात. खोटं लिहिणारा माणूस हजेरीपट सांभाळतो, सुयांकडे त्याचं लक्ष नसतं.

पगारपत्रकात आकड्यांपेक्षा कपातींचे रकाने पाहा. राहण्याचे, जेवणाचे, गणवेशाचे, 'आगाऊ रकमेचे' पैसे कापून हातात काय उरतं? किमान वेतन कागदावर पुरेपूर आणि हातात निम्मं, हा प्रकार इतका सर्रास आढळतो की मी सगळ्यात आधी तोच रकाना पाहतो.

भरती-शुल्काबाबतही एक गोष्ट पक्की करा. श्रम संघटनेच्या तत्त्वांनुसार नोकरी मिळवण्याचा खर्च कामगारावर पडता कामा नये, आणि २०१९ च्या व्याख्येत दलालीसोबत वैद्यकीय तपासणी, प्रवास, प्रशिक्षण, विमा असे खर्चही येतात. 'आमचा एजंट काही घेत नाही' हे उत्तर एजंटकडून नको, कामगाराकडून मिळवा.

*सावधान:* मुलाखतीनंतर कोणाला पाळी बदलून दिली, काम काढून घेतलं, धमकावलं, असं घडू शकतं. काही आठवड्यांनी पुन्हा संपर्क साधण्याची सोय आधीच करून ठेवा. ती सोय नसेल तर मुलाखती घेऊ नका.

## टप्पा ३: आधी काय, नंतर काय

हातात आता पन्नास गोष्टी असतील. सगळ्या एकदम होणार नाहीत, आणि क्रम लावायला तत्त्वांची परवानगी आहे. निकष गांभीर्याचा, आणि ते तीन बाजूंनी पाहायचं: इजा किती खोल, किती लोकांना, आणि नंतर भरून निघण्यासारखी आहे का.

इथे घोटाळा होतो तो गुणाकाराने. गांभीर्याला पाचपैकी गुण, शक्यतेला पाचपैकी गुण, दोन्हींचा गुणाकार. समजा, आठशे कामगारांना पगाराची पावती उशिरा मिळते: गांभीर्य २, शक्यता ५, गुण १०. आणि एका गोदामात रात्रपाळीच्या बारा जणांना आत ठेवून बाहेरून कुलूप लावतात: गांभीर्य ५, आगीची शक्यता १, गुण ५. तक्ता म्हणतो आधी पावत्या. हा तक्ता फेकून द्या. माणसाच्या जिवावर बेतणारी किंवा न भरून येणारी गोष्ट शक्यता कमी असली तरी वर राहते. शक्यतेचा उपयोग समान गांभीर्याच्या गोष्टींत क्रम लावण्यापुरता.

दुसरी चूक जास्त सभ्य दिसते: 'इथे आपलं फारसं चालत नाही, म्हणून हे खाली घेऊ.' आपलं किती चालतं हा पुढच्या टप्प्याचा प्रश्न आहे. क्रम लावताना तो डोक्यातही आणू नका, नाहीतर यादीच्या माथ्यावर सोप्या गोष्टी गोळा होतात.

*तपासा:* यादीतल्या पहिल्या पाच बाबी ज्यांच्याशी बोललात त्यांना, किंवा त्यांच्या प्रतिनिधींना दाखवा. त्यांची पहिली पाच वेगळी असतील तर का, ते लिहून काढा.

## टप्पा ४: यात आपला हात किती

प्रत्येक मोठ्या बाबीपुढे एक प्रश्न: हे आपण घडवलं, की घडायला हातभार लावला, की केवळ व्यवसायाच्या नात्याने जोडले गेलो आहोत?

स्वतः घडवलं असेल, तर थांबवायचं आणि भरपाई करायची. हातभार असेल, तर आपला वाटा थांबवायचा, उरलेल्यासाठी समोरच्यावर वजन वापरायचं आणि आपल्या वाट्याची भरपाई करायची. केवळ जोडलेले असाल, तर भरपाईची सक्ती नाही, पण आपलं वजन वापरून ते थांबवण्याचा प्रयत्न करणं बंधनकारक आहे.

जवळजवळ प्रत्येक कंपनी स्वतःला तिसऱ्या खान्यात बसवते. पण खाना कायमचा नसतो. वर्षानुवर्षं माहीत असून काहीच केलं नाही, तर 'जोडलेला' हळूहळू 'हातभार लावणारा' होतो.

## टप्पा ५: पुरवठादाराआधी आपली खरेदी तपासा

एक हिशेब करू. पुरवठादाराकडे चाळीस यंत्रं, आठवड्याला ४८ तास, म्हणजे १,९२० यंत्र-तास. तुमच्या ऑर्डरने ते पूर्ण भरलेत. मग विक्री विभागाचा फोन येतो आणि खरेदी विभाग ऑर्डर पाव पट वाढवतो, तारीख तीच. आता हवेत २,४०० तास. वाढीव ४८० तास चाळीस जणांत वाटले तर प्रत्येकाला १२ तास ओव्हरटाइम, आठवडा ६० तासांचा. त्यात दोन जण आजारी पडले किंवा कापड दोन दिवस उशिरा आलं, की आठवड्याला साठ तासांची नेहमीची कमाल मर्यादाही गेली. महिन्याभराने तुमच्याच कंपनीचं ऑडिट पथक तिथे जातं आणि 'जादा ओव्हरटाइम' असा लाल शेरा मारून येतं.

याला 'जोडलेले' म्हणता येणार नाही. हा हातभार.

म्हणून गेल्या वर्षभराच्या ऑर्डर काढा आणि पाहा: मंजुरीनंतर किती वेळा बदल केले आणि बदलाबरोबर तारीख हलवली का? अंदाज आणि प्रत्यक्ष ऑर्डर यांत किती अंतर होतं? दरात मजुरीचा खर्च वेगळा दाखवलेला आहे, की एकच गोळा आकडा आहे? मजुरीचा खर्च दिसतच नसेल, तर घासाघीस कशाच्या जिवावर चालते ते कोणालाच कळत नाही. बिलं किती दिवसांनी चुकती होतात? पुरवठादाराचे पैसे तीन महिने अडकले की त्याच्या कामगारांचा पगार वेळेवर होण्याची आशा ठेवू नये.

*तपासा:* खरेदी विभागाचा बोनस कशावर ठरतो? केवळ दर किती पाडला यावर ठरत असेल, तर आधी तो बदला. पुढचे टप्पे त्याशिवाय टिकणार नाहीत.

## टप्पा ६: कृती, दबाव आणि शेवटी गरज पडली तर बाहेर पडणं

करारात अटी घाला, पण दोन्ही बाजूंच्या: पुरवठादाराने काय करायचं आणि तुम्ही काय करणार, वेळ, दर, बदलांची मर्यादा. एकतर्फी अटी म्हणजे जबाबदारी खाली ढकलण्याची रीत. तुमची ऑर्डर त्याच्या कामाच्या पाच टक्केच असेल तर एकट्याचं वजन पडणार नाही. त्याच कारखान्याकडून घेणाऱ्या दुसऱ्या खरेदीदारांना सोबत घ्या.

दोन ठिकाणी घाई अंगाशी येते.

लहान मूल कामावर आढळलं तर. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कामाचं किमान वय साधारणपणे १५ (काही देशांना १४ ची मुभा), आणि धोक्याच्या कामासाठी १८. पहिली प्रतिक्रिया असते: आजच्या आज काढा. काढलेलं मूल बहुधा शाळेत जात नाही. ते आणखी वाईट आणि आणखी लपलेल्या कामाकडे जातं. क्रम असा ठेवा: मुलाला तत्काळ कामावरून सुरक्षित बाजूला घ्या, वयाची खातरजमा करा, घरच्यांशी बोला, मुलाची मिळकत काही काळ भरून द्या, शाळा किंवा प्रशिक्षणात प्रवेश होईपर्यंत पाठपुरावा करा, घरातल्या प्रौढाला त्या जागी काम देता येतं का ते पाहा. खर्च कोणी उचलायचा हे पुरवठादाराशी आधीच ठरवून ठेवा, मूल समोर उभं असताना घासाघीस नको.

पासपोर्ट परत देताना. एका दिवशी सगळे वाटले, सही घेतली, फोटो काढला, आणि आठवड्याने 'सुरक्षेसाठी' परत गोळा केले, असं होतं. प्रत्येकाला स्वतःचं कुलूपबंद कपाट आणि त्याची एकमेव किल्ली मिळाली की मगच हे काम झालं म्हणा. भरती-शुल्क परत करतानाही आज कामावर असलेल्यांबरोबर, ते भरून आता निघून गेलेल्यांचा विचार करा.

संबंध तोडणं शेवटी. तोडण्याआधी तिथल्या लोकांचं काय होईल याचा अंदाज घ्या, पुरेशी मुदत द्या, थकलेली बिलं आणि तयार मालाचे पैसे चुकते करा, कामगारांची देणी सुटली का ते बघा. 'शून्य सहनशीलता' असं धोरणात लिहिणाऱ्यांना एक सूचना: पहिल्या चुकीला करार रद्द होणार असेल, तर पुरवठादार तुम्हाला काहीही सांगणार नाही.

## टप्पा ७: तक्रार आणि भरपाई

तक्रारपेटी मनुष्यबळ विभागाच्या दाराशी, बरोबर सीसीटीव्हीखाली लावलेली असते. वर्षात शून्य तक्रारी येतात आणि अहवालात त्याचं यश म्हणून वर्णन होतं. शून्याचा अर्थ बहुतेकदा 'विश्वास नाही' असाच घ्या.

यंत्रणा चालण्यासाठी तिची विश्वासार्हता हवी, तिच्यापर्यंत पोचता यायला हवं, किती दिवसांत काय होईल ते आधी ठाऊक हवं, आणि ती वापरणाऱ्यांशी बोलून उभी केलेली हवी. तत्त्व क्रमांक ३१ मध्ये असे आठ निकष आहेत. यंत्रणा आखताना ते एकेक करून लावून पाहा. ती कंत्राटी कामगारांना, पुरवठादाराच्या कामगारांना आणि आसपासच्या रहिवाशांनाही खुली ठेवा. निनावी तक्रार चालू द्या. तक्रार कोणाविरुद्ध आहे, त्याच्याचकडे ती चौकशीसाठी जाणार नाही याची वाट आधीच आखा.

*सावधान:* भरपाई देताना 'न्यायालयात जाणार नाही' असं लिहून घेऊ नका, आणि कामगार संघटनेला बाजूला सारण्यासाठी ही यंत्रणा वापरू नका.

भरपाई म्हणजे दरवेळी पैसे नव्हेत. माफी, नोकरी परत देणं, उपचार, पुन्हा घडणार नाही याची हमी हेही त्यात येतं. काय हवं ते नुकसान झालेल्यालाच विचारा. उत्तर पुष्कळदा कंपनीच्या अंदाजापेक्षा वेगळं असतं.

## टप्पा ८: मोजणं आणि सांगणं

किती जणांना प्रशिक्षण दिलं, किती पुरवठादारांनी सह्या केल्या हे मोजायला सोपं आणि बिनकामाचं. मोजा ते असं: किती कामगारांच्या हातात स्वतःचा पासपोर्ट आहे, किती शुल्क प्रत्यक्ष परत मिळालं, बदललेल्या किती ऑर्डरींबरोबर तारीख हलली, तक्रार केलेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती जण अजून कामावर आहेत.

जाहीर अहवालात काय सापडलं, काय केलं आणि काय अजून राहिलं ते लिहा. 'कोणतीही गंभीर बाब आढळली नाही' हे वाक्य लांबलचक पुरवठा साखळी असलेल्या कंपनीच्या अहवालात दिसलं, की जाणकार वाचक पुढचं वाचत नाही. मात्र ज्याच्या माहितीवरून हे कळलं, त्याचा माग लागेल असा तपशील टाळा.

नवा देश, नवं उत्पादन, दुसऱ्या कंपनीची खरेदी, जमिनीचा व्यवहार किंवा परिसरात सशस्त्र संघर्ष: यांतलं काहीही घडलं, तर वर्ष संपायची वाट न पाहता पहिल्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करा. संघर्षाच्या भागात नेहमीपेक्षा कितीतरी कसून, कारण तिथे साधं सुरक्षा कंत्राटही कंपनीला गंभीर अत्याचारांत ओढू शकतं.

## कंपनी लहान असेल तर

जबाबदारी आकाराने माफ होत नाही, पण पद्धत आकाराप्रमाणे साधी ठेवता येते. पन्नास माणसांच्या कंपनीला स्वतंत्र विभाग नको. मालक आणि खरेदी पाहणारा माणूस बसून पहिला नकाशा एका दुपारीत काढू शकतात. मोठ्या ग्राहकाची ऐंशी प्रश्नांची प्रश्नावली आली, तर ती घाईने 'होय, होय' अशी भरून पाठवू नका. जे होत नाही तिथे 'नाही' लिहा, आणि सोबत विचारा की ऑर्डर बदलल्यावर तारीख पुढे मिळेल का. सुरुवात सफाई आणि सुरक्षेच्या कंत्राटापासून करा: गेल्या तीन महिन्यांची पगारपत्रकं मागवा आणि त्यातल्या चार-पाच जणांना, ठेकेदार जवळ नसताना, हातात किती आले ते विचारा.